पहिल्या रविवारचा आकडा

सोमवारी दुपारी मी मावशीच्या लॅबमध्ये पोचले तेव्हा टेबलावर प्लास्टरचे एकवीस जबडे होते: अकरा वरचे, दहा खालचे. त्यांतल्या चारांवर गुलाबी मेणात दात बसवून झाले होते. दोन पुऱ्या झालेल्या कवळ्या पाण्याच्या भांड्यात होत्या. बोटाएवढ्या ज्योतीचा एक बर्नर, मेण सारखं करायचे सात चपटे स्पॅच्युला, मेण मऊ ठेवायची एक पेटी, तिचा काटा चाळीस अंशांवर. आणि खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, जो नऊ वर्षांत पहिल्यांदाच बंद होता.

मावशी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. त्यावरून जबडा ओतणं, मेणात दात लावणं, वरच्याचा खालच्याशी चावा जुळवणं हे सगळं तिच्याकडे. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात आणि उरलेले निम्मे कवळी नको म्हणून अजून हट्टाला पेटलेत, असं ती सांगते. त्या दिवशी मात्र ती स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. ती रिकाम्या हाताने बसलेली मी आधी पाहिली नव्हती.

कॉम्प्युटर दादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा. तो गणित शिकत होता तेव्हा कॉलेजने काढून टाकलेलं हे मशीन त्याने उचलून आणलं आणि त्यावर एक शोध लावून दिला: एकच संख्या दोन पाचव्या घातांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येते का? अशी संख्या अजून कोणाला सापडलेली नाही. मशीन एकेक शक्यता तपासणार आणि आतापर्यंत किती तपासल्या तो आकडा पडद्यावर दाखवत राहणार. मग त्याला दूरच्या एका खाणीत मोजणीच्या खात्यात नोकरी लागली. निघताना त्याने आईला सांगितलं की हे बंद करू नकोस.

तिने केलं नाही. वीज गेली तर पाऊण तास पुरेल एवढा बॅटरीचा डबा तिने त्याला जोडून घेतला होता, आणि आमच्याकडे वीज पाऊण तासाच्या वर सहसा जात नाही. रोज सकाळी लॅब उघडली की ती एका वहीत तारीख, वेळ आणि पडद्यावरचा आकडा लिहायची. वेळ लिहायची सवय प्लास्टरची. ते कधी कालवलं आणि कधी घट्ट झालं याची नोंद तिच्याकडे असतेच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला दादाचा फोन यायचा. मी दोन-तीनदा तिथे होते. तो आकडा विचारतो. ती चष्मा लावून एकेक अंक वाचते, तो एकेक अंक परत म्हणतो. मग तो विचारतो, औषधं घेतेस ना. ती म्हणते, घेते. ती विचारते, जेवलास का. तो म्हणतो, जेवलो. मग दोन्हीकडे शांतता, आणि दोघांपैकी कोणीतरी म्हणतं, बरं, ठेवते किंवा ठेवतो. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ पडद्यासमोरच बसून राहायची.

त्यांच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. नऊ वर्षांत तो एकदाच येऊन गेला, साडेसहा वर्षांपूर्वी, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. नऊ दिवस राहिला. ते नऊ दिवस ती अजूनही असे सांगते की ऐकणाऱ्याला ते दोन महिने वाटावेत. आणि तेव्हाही, ती म्हणते, आम्ही फार काही बोललो नाही. तो त्याच्या मशीनशी बसायचा आणि मी माझ्या दातांशी, पण एकाच खोलीत.

सोमवारी अकरा वाजता वीजमंडळाची माणसं मीटर बदलायला आली. अर्ध्या तासाचं काम म्हणाली आणि अडीच तास घेतले. पावणेबाराला बॅटरी संपली. वीज आल्यावर मावशीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग मला फोन केला, कारण आमच्या घरात फिजिक्सची पदवी असलेली मी एकटी आणि तिच्या मते फिजिक्स म्हणजे ज्यात वायर असते ते सगळं.

मी बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पिवळा दिवा लागला, विझला. ना बीप, ना पडदा.

"रविवारी चारपर्यंत होईल?" तिने विचारलं.

येता रविवार महिन्याचा पहिला होता. मी म्हटलं, प्रयत्न करते. पण समजा नाहीच झालं, तर दादाला सांग की बंद पडलं, त्यात काय एवढं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी पाडलं. "अगं, आकडाच नसला तर तो फोन कशाला करील?"

मी स्क्रू काढायला घेतले.

डब्याची पुढची बाजू काढली आणि बघत राहिले. हवा आत जायला ज्या फटी असतात त्या सगळ्या गुलाबी मेणाने बंद केलेल्या होत्या. नुसत्या लिंपलेल्या नव्हत्या. फटीफटीत मेण भरून, वर गरम स्पॅच्युला फिरवून कडा मिळवलेल्या. एखाद्या चांगल्या कवळीची हिरडी असावी तसं काम. बाजूच्या फटींचीही तीच गत. फक्त मागचा पंखा मोकळा होता.

ती म्हणाली, धूळ जाऊ नये म्हणून. प्लास्टरची धूळ किती बारीक असते तुला काय ठाऊक. दर सहा महिन्यांनी मी जुनं काढून नवं लावते. मी तिला सांगितलं की मावशी, त्याचा श्वास कोंडलाय. मशीन इतकी वर्षं तापलेलं चालत होतं. पॉवर सप्लायमध्ये छोटे पिंपासारखे भाग असतात, वीज साठवून ती सपाट करणारे. उष्णतेने ते आतून सुकत जातात. गरम असेपर्यंत कसेबसे काम करतात. एकदा पूर्ण थंड झाले की पुन्हा उठण्याइतकी ताकद त्यांच्यात राहत नाही. मल्टीमीटर लावून दाखवला: जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे तीन पूर्णांक नऊ.

तिने फटीतलं मेण नखाने खरवडून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच."

मी म्हटलं, धूळ गेली असती तर कदाचित तीन वर्षांतच संपलं असतं. हे अगदीच खोटं नव्हतं.

मंगळवारी मी अडगळकाकांकडे गेले. त्यांना सगळे असंच म्हणतात, तेही स्वतःला असंच म्हणतात. त्यांच्या दुकानात जुन्या मशीनचे सुटे भाग छतापर्यंत रचलेले आहेत आणि कुठे काय आहे हे फक्त त्यांना माहीत. मी मॉडेल सांगितलं. ते म्हणाले, याला चालू करू नका, खड्डा खणून पुरा. मी सांगितलं, नऊ वर्षं एक दिवस बंद नव्हतं. तेव्हा ते शिडीवर चढता चढता थांबले आणि म्हणाले, माझं लग्नसुद्धा एवढं सलग चाललं नाही. सप्लाय मात्र दिला, आणि वापरून बघा म्हणाले.

बुधवारी तो बसवला. पाच व्होल्टच्या जागी पाच पूर्णांक शून्य दोन आले. एक बीप झाला, पडदा उजळला, आणि मावशीने हातातला जबडा खाली ठेवला. पण पडद्यावरची तारीख दादाच्या जन्माच्याही आधीची होती आणि तिच्याखाली एक ओळ: हार्ड डिस्क सापडत नाही. तारीख लक्षात ठेवणारी एक नाण्याएवढी बॅटरी आत असते, ती मेली होती. तीनऐवजी शून्य पूर्णांक चार. ती बदलली, तारीख घातली. डिस्कची ओळ तशीच राहिली.

मी डिस्कला कान लावला. चालू डिस्क मंद घुमते. ही घुमत नव्हती. दर चार-पाच सेकंदांनी आत एक बारीक टकटक व्हायची, पुन्हा शांत. ते मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं: फार वर्षं तापून फिरलेली डिस्क थंड झाली की तिच्या चकतीवर वाचणारी सुई बसते तिथेच चिकटते. मोटर ओढते, चकती सुटत नाही. जोर केला तर पृष्ठभाग खरवडला जाऊन सगळंच जाऊ शकतं.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने वही माझ्यापुढे सरकवली. तिचं म्हणणं असं की रोजचा आकडा रोज किती वाढतो हे यावरून काढता येईल. मशीन सुरू झालं नाही तर रविवारी जो आकडा असायला हवा होता तो मी तिला काढून द्यावा, ती तोच वाचील.

"थोडा इकडेतिकडे झाला तर त्याला कळेल का?" तिने विचारलं. आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाली, "कळेल. त्याला लहानपणापासून कळतं मी खोटं बोलले की."

वही मी घरी नेली. पहिल्या दोन-अडीच वर्षांत आकडा सुरुवातीला दिवसाला नऊ हजारांच्या आसपास वाढत होता, मग आठ, मग सात, शेवटी पाचाच्या जवळ. हे बरोबर होतं: संख्या मोठ्या होत जातात तसा एकेक तपासायला वेळ जास्त लागतो. मग दादाची ती नऊ दिवसांची भेट. आणि ज्या दिवशी तो परत गेला त्या दिवसापासून आकडा एकदम भराभर वाढू लागला. तिथे मावशीने समासात लिहिलं होतं: त्याने काहीतरी सुधारलं.

मी एका दिवसाचा फरक काढला. मग त्या दोन नोंदींच्या वेळांमधला फरक काढला. मग आणखी चाळीस दिवसांचा, वेगवेगळ्या वर्षांतले दिवस निवडून. ती सेकंद लिहीत नसे, त्यामुळे मिनिटाभराचा फरक पडत होता. तो सोडला तर प्रत्येक वेळी भागाकार एकच आला. एका सेकंदाला एक. एका दिवसाला शहाऐंशी हजार चारशे.

कुठलाही खरा शोध इतका सारखा चालत नाही. पडद्यावरचा आकडा साडेसहा वर्षं काहीही तपासत नव्हता. तो फक्त सेकंद मोजत होता.

रविवारचा आकडा काढणं आता सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. मी तो काढला नाही. मला माहीत नव्हतं की हा बिघाड आहे, की दादाची चूक, की आणखी काही. ते कळायला मूळ प्रोग्रॅम वाचायला हवा होता, आणि तो त्या चिकटलेल्या डिस्कवर होता. मावशीला म्हटलं, हिशोब चाललाय. ती म्हणाली, सावकाश कर पण बरोबर कर.

शुक्रवारी मी डिस्क दोन तास उन्हात ठेवली, काही झालं नाही. शनिवारी मावशीनेच विचारलं की नेमकं काय चिकटलंय, कशाला चिकटलंय. मी कागदावर काढून दाखवलं. दोन गुळगुळीत पृष्ठभाग, मध्ये अगदी पातळ थर. ती हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. म्हणाली, अगं, हे तर माझं रोजचं आहे, कवळी प्लास्टरातून सोडवणं. तिथेही ओढलं तर मोडतं.

तिने मेणाच्या पेटीतलं मेण बाहेर काढलं. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत ठेवली, चाळीस अंशांवर, एक तास. मी म्हटलं बेचाळीस चालेल. ती म्हणाली, माझ्या पेटीत चाळीसच. तासाने तिने ती दोन्ही तळहातांत धरली, खुर्चीत सरळ बसली, मनगटं सैल सोडली आणि चकती ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत एक छोटा हिसका दिला. पुन्हा एक, आधीच्यापेक्षा कमी. मला वाटलं होतं ती जोर वाढवील. तिसऱ्या हिसक्याला तिने मान हलवली. मला काही ऐकू आलं नव्हतं.

"सुटलं," ती म्हणाली.

मी घाईघाईने वायरी जोडल्या. डिस्क घुमू लागली. मी मशीन नीट सुरू व्हायचीही वाट पाहिली नाही. आधी सगळ्या फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, कारण अशी डिस्क पुन्हा कधी बसेल सांगता येत नाही. तोपर्यंत मावशी बाजूला उभी राहून मला विचारत होती की आकडा कुठे आहे. मी म्हटलं, उद्या. तिने बऱ्याच वर्षांनी माझा गालगुच्चा घेतला. तिची बोटं मेणाची होती.

घरी जाऊन मी प्रोग्रॅम वाचला. लहानसाच होता. पहिला भाग खरा शोध. तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेला की संपणार, आणि तो संपला होता, एकसष्ट लाख वीस हजार चारशे अठरा शक्यतांनंतर, काहीही न सापडता. त्याखाली नंतर जोडलेल्या सहा ओळी होत्या. तारीख दादा परत गेला त्या दिवसाची, वेळ सकाळी सहा दहा. घड्याळाचा सेकंद बदलला की आकड्यात एक मिळव, पडद्यावर दाखव, दर तासाला डिस्कवर लिहून ठेव. आणि त्या सहा ओळींच्या डोक्यावर, मशीन जी वाचत नाही अशी एक ओळ, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: शोध संपला. आईला आकडा लागतो.

रविवारी मी दीडच्या आधीच लॅबवर गेले. एक पंचवीसला प्रोग्रॅम सुरू केला. सोमवारी बंद पडण्यापूर्वी शेवटचा लिहून ठेवलेला आकडा उचलून त्याने मोजायला सुरुवात केली: २१,३८,३५,२००. मावशीने चष्मा लावला आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, सोमवारपासूनचे दिवस यात नाहीत ना? तेवढे मिळवून वाचायचे का?

मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. भागाकाराचं, सहा ओळींचं.  शेवटी तिने एवढंच विचारलं की सहा वर्षं तो काही शोधतच नव्हता तर मग आकडा विचारत कशाला होता. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि ती ओळ बोटाने दाखवली.

इंग्रजी अक्षरं जुळवत वाचायला तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर तिने पुन्हा वाचली.

"मला वाटायचं त्याला लागतो," ती म्हणाली.

मग ती उठली. एक कवळी अर्धवट होती, तिचा चावा जुळवायला बसली. वरचा जबडा खालच्यावर टेकवायची, उचलायची, कुठे लागतं ते बघायची, पुन्हा टेकवायची. दोन तासांत एकही दात तिने हलवला नाही. मी खिडकीपाशी बसून मशीनच्या फटींतलं उरलेलं मेण काडीने काढत होते. साडेतीनला ती म्हणाली, फोन आला तर काय बोलायचं असतं गं. मी म्हटलं, मला काय माहीत मावशी, मी तर आईला नुसते मेसेज पाठवते. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, ती रडते माझ्याकडे येऊन.

चार वाजले. फोन आला नाही. मावशीने जबडा खाली ठेवला आणि हात पुसले, एकदा, मग पुन्हा.

एका मिनिटाने वाजला. मी सवयीने पडद्याकडे पाहिलं आणि आकडा लक्षात ठेवला.

त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते काय असणार ते माहीत होतं. मावशीने चष्मा लावला नाही.

"आकडा आज नाही वाचत," ती म्हणाली. "तू लिहिलेलं वाचलं मी."

 तिने एकदा फोन कानापासून काढून तो चालू आहे का ते पाहिलं. मग परत कानाला लावला, आणि तिकडून काहीतरी आलं असावं, कारण तिने पाठीमागे हाताने चाचपून स्टूल शोधलं आणि बसली. म्हणाली, हो. मग म्हणाली, नाही रे. मग म्हणाली, तू आधी सांग.

मी उठून बाहेरच्या पायऱ्यांवर गेले आणि दार ओढून घेतलं. समोरच्या भिंतीवर सावली खालून चौथ्या विटेपर्यंत आली होती. आतून तिचा आवाज येत होता, शब्द नाही. एकदा ती हसली.  सावली नवव्या विटेवर गेली.

दार उघडलं तेव्हा ती फोन टेबलावर ठेवत होती. मी आत जाऊन आधी पडद्यावरचा आकडा वहीत टिपला. फोन वाजला तेव्हा २१,३८,४४,५६०. ठेवला तेव्हा २१,३८,४७,६२६. फरक ३,०६६ सेकंद, म्हणजे एकावन्न मिनिटं सहा सेकंद.